नकोबाई

तिच्या तोंडून पहिला ‘नको’ निघाला तेव्हा इमारतीला दारंही लागली नव्हती.

अकरा बिऱ्हाडांनी मिळून एक जुनं सूतगोदाम विकत घेतलं होतं. वर प्रत्येकाच्या दोन-दोन खोल्या, खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आणि एक जेवणघर, असा बेत. आतल्या भिंती तिच्या नवऱ्याने उभ्या केल्या. तो गवंडी. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. चारचौघांत तीही मिस्त्रीच म्हणे, ‘अहो’ फक्त खोलीत. ओल्या गिलाव्याच्या वासात, पालथ्या घमेल्यांवर बसून पहिली बैठक झाली. एकत्र राहायचं तर नियम हवेत, आणि ते ठरवायचे कसे, असा प्रश्न नर्सबाईंनी टाकला. नर्सबाई दवाखान्यात वॉर्ड सांभाळत, त्यामुळे बैठक चालवायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. बहुमताने ठरवू, कोणीतरी म्हणालं. माना डोलल्या.

“नको,” ती म्हणाली.

“का हो?”

“सहा जण हात वर करणार आणि पाच जण भांडी घासणार. कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्म गेला माझा. हात वर करायला काय लागतं? खांदा दुखतो का कोणाचा?”

लोक हसले, पण मुद्दा बसला. मग असं ठरलं की प्रत्येकाने आपल्या तोंडाने दोनपैकी एक शब्द बोलायचा. ‘चालेल’ किंवा ‘नको’. एक नको आला की नियम तिथेच अडला. ‘बघू’ मोजायचा नाही, कारण बघू म्हणणारा कधी बघत नाही. दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही, नवऱ्याने बायकोच्या नाही, बायकोने नवऱ्याच्या नाही. आणि नको म्हणणाऱ्याने नुसतं नको म्हणून उठायचं नाही. का नको ते सांगायचं, आणि ज्याने नियम सुचवला त्याच्यासोबत बसून नवा मजकूर तयार करायचा. ही शेवटची अट तिचीच. नुसता नन्नाचा पाढा तिला खपत नसे.

ठरलेला नियम कागदावर जात नसे. जेवणघराची लांब भिंत मिस्त्रीने दोनदा घोटून आरशासारखी केली होती. तिच्यावर पेंटर ब्रशने लिही. पेंटर म्हणजे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस; दुसऱ्या मजल्यावर एकटा राही आणि जिभेला हाड नसल्यासारखा बोले. नियम बदलायचा तर जुनी अक्षरं खरवडायची, खाचांत लांबीचा लगदा भरायचा, पॉलिश कागदाने घासायची, रंगाचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचं, मग नवं लिहायचं. ज्याला बदल हवा त्यानेच खरवडायचं. त्यामुळे उगाच आलं मनात म्हणून नियम सुचवायला कोणी येत नसे. कागदावर नियम करायला जीभ पुरते. भिंतीवर करायला कोपर लागतं.

ती पहिल्यापासून सगळ्यांना अडवत आली. ‘ज्याने भांडं खरकटं केलं त्याने घासावं’ हा नियम कोणाला वाईट वाटेल? तिला वाटला. “उद्या तापाने फणफणलेला माणूस वाटीभर पेज पिईल आणि वाटी घासायला उठेल. छान दिसेल.” मग जेवणाऱ्यांतल्या दोघांनी सगळ्यांचं घासायचं, पाळीपाळीने, असं भिंतीवर गेलं.

तिसऱ्या मजल्यावर बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारा एक तरुण होता. तो भर दुपारी सराव करी. बैठकीत मजकूर आला: ट्रंपेटवाल्याने दुपारी वाजवू नये. सगळे चालेल म्हणाले, ट्रंपेटवालासुद्धा, मान खाली घालून.

“नको.”

“अहो, त्यालाच चालतंय!” पेंटर म्हणाला.

“तो रोज इथे जेवायला बसणार, समोर भिंतीवर स्वतःचं नाव वाचत. घास उतरेल का त्याच्या घशाखाली? नियम करायचा तर सगळ्यांना करा. नाहीतर वर जाऊन त्याला तोंडावर सांगा. भिंतीवर माणूस लिहायचा नाही.”

तेव्हापासून भिंतीवर कोणाचंही नाव कधी आलं नाही. ‘दुपारी कोणीही वाजवू नये, ठोकू नये, ओरडू नये’ असं लिहिलं गेलं. त्याचा फटका बसला मिस्त्रीला. दुपारी हातोडी उचलायची सोय राहिली नाही, आणि तो पुढे किती वर्षं कुरकुरत होता, “फुंकलं त्याने आणि कान उपटले माझे.”

दरवेळी ती बरोबर असे असं नाही. सामाईक वॉशिंग मशीनला तिने नको म्हटलं. मशीन बिघडलं की दोष कोणाचा यावर डोकी फुटतील, असं तिचं म्हणणं. झालं, त्या हिवाळ्यात सगळे गार पाण्यात कपडे पिळत बसले. पहिल्या मजल्यावरच्या बसवालीला जुळी झाली होती. बस चालवून यायचं आणि दोन पोरांचे कपडे धुवायचे. एकदा बसवालीच्या बोटांच्या भेगा तिने बघितल्या. त्याच आठवड्यात बैठकीत उभी राहिली. “चुकलं माझं. मशीन आणा. बिघडलं तर शिव्या मला घाला.”

पेंटरने तिला नकोबाई नाव पाडलं. ते तिच्या कानावर गेलंच.

“असू दे,” ती म्हणाली. “होयबा होण्यापेक्षा नकोबाई बरी.”

कँटीनमधून निवृत्त झाल्यावर सकाळी सगळ्यांच्या आधी खाली उतरायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. खिडकी उघडायची, ओटा पुसायचा, चहाचं आधण ठेवायचं, बटाटे सोलायला घ्यायचे. त्या वेळी तिला तिथे कोणी चालत नसे, मिस्त्रीही नाही. स्वयंपाकघर सगळ्यांचं, असं भिंतीवर लिहिलेलं होतं आणि ते लिहायला तीही चालेल म्हणाली होती. पण लोक उठून येईपर्यंत ते तिचं असे. आयुष्यभर मुकादमाच्या शिट्टीवर स्वयंपाक केलेल्या बाईला शिट्टीशिवायचं ते एकच काम मिळालं होतं.

*

विसरणं सुरू झालं ते मिठापासून. भाजीत दोनदा पडलं, मग एकदा पडलंच नाही. लोकांनी मुकाट्याने खाल्लं. वय झालं, म्हणाले. मग एक दिवस तिने पेंटरला जिन्यात विचारलं, “तुम्ही नवीन आलात का?” पेंटर थट्टा समजून म्हणाला, “हो, कालच आलो, खोली दाखवता का?” तिने खरंच त्याला नेऊन खोली दाखवली. त्याच्याच. पेंटर त्या दिवशी जेवायला खाली आला नाही.

पण मिस्त्रीला खरं कळलं ते सायकली ठेवायच्या जागेच्या बैठकीत. मजकूर कच्चा होता, कोणीही फाडला असता. सगळे सवयीने तिच्याकडे बघत थांबले.

“चालेल,” ती म्हणाली.

“नकोबाई, तब्येत बरी आहे ना?” पेंटरने विचारलं आणि सगळे हसले. मिस्त्रीही हसला. वर खोलीत आल्यावर तिने पायांतल्या चपला काढता काढता विचारलं, “अहो, कशाबद्दल होतं ते?”

तेव्हा त्याला उमगलं. नको म्हटलं की का नको ते सांगावं लागतं. चालेल म्हटलं की कोणी काही विचारत नाही. बोलणं हातातून निसटायला लागल्यापासून ती त्या शब्दामागे लपत होती. पुढच्या सगळ्या बैठकांत ती चालेलच म्हणाली. हळूहळू लोकांना कळलं. सगळे मूग गिळून बसले.

मग एका दुपारी बसवाली मिस्त्रीला शोधत वर आली.

“काका, बसा जरा.”

“उभ्यानेच सांग. बसवून सांगतात ती गोष्ट चांगली नसते.”

“मावशींनी गॅस सोडला होता. पेटवलाच नाही. बटण पूर्ण उघडं, आणि त्या बाहेर पायरीवर बसून भाजी निवडत होत्या. मी आले म्हणून.”

मिस्त्री खाली बसला.

“माझी पोरं दुपारी जेवणघरातच अभ्यास करतात, काका.”

“माहीत आहे.”

“मी ओरडले नाही त्यांच्यावर.”

“ओरडली असतीस तर बरं झालं असतं. काहीतरी झालंय एवढं तरी तिला कळलं असतं.”

तो हातावर हात ठेवून बसणारा माणूस नव्हता. त्याने ओट्याखालचा गॅसचा मुख्य नळ बंद ठेवायला सुरुवात केली. तिने तो उघडला. डोक्यातून माणसं गळून पडत होती, पण नळ कुठे असतो आणि कुठल्या बाजूला फिरतो हे हातांना कोणी सांगावं लागत नव्हतं. त्याने नळाची मूठच काढून खिशात टाकली. तिने पक्कड शोधून काढली. मग त्याने राखण सुरू केली. ती उठली की उठायचं, ती उतरली की उतरायचं. त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. उन्हात पाचव्या मजल्यापर्यंत विटा चढवलेला माणूस, पण असा कधी दमला नव्हता. तिथे निदान संध्याकाळी सुट्टी होई.

आणि एका सकाळी त्याचा डोळा लागलाच. जागा झाला तेव्हा खालून करपल्याचा वास येत होता. पातेलं कोरडं होऊन लाल झालं होतं आणि शेजारी टांगलेला फडका धुमसत होता. ती खिडकीशी उभी राहून बटाटे सोलत होती. छान एकसारखी सालं पडत होती.

नर्सबाईंनी बैठक बोलावली.

परगावी असलेल्या मुलीला त्याने फोन केला. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही सरळ नको म्हणा. एक नको पुरतो ना तुमच्यात? आईचं दुसरं आहे काय तिथे?”

“आणि पोरं?”

“कोणाची पोरं?”

“बसवालीची.”

मुलगी म्हणाली, “मी काय सांगू, बाबा?”

“काही नको सांगूस. जेवलीस का?”

*

बैठकीला सगळे आले. कोणाचा पाय मोडला असता तरी त्याने ती चुकवली नसती. ती मिस्त्रीशेजारच्या आपल्या खुर्चीवर बसली, केस नीट विंचरून. बैठक आहे म्हटल्यावर तिने स्वतःच विंचरले होते.

स्वयंपाकघराला कुलूप लावायचं, नर्सबाईंनी सांगितलं. आवाज त्यांचा वॉर्डातला होता, सपाट. किल्ली त्यांच्या दाराशी टांगलेली राहील. मजकूर काय?

मागून कोणीतरी सुरुवात केली, “मावशींनी एकटीने...”

“नाव नाही,” पेंटर फटकन बोलला. “भिंतीवर माणूस येत नाही. कोणी ठरवलंय ते आठवतंय ना?”

सगळ्यांना आठवत होतं. एकीला सोडून.

म्हणजे नियम सगळ्यांना लागणार. थोड्या वेळाने मजकूर झाला: ‘स्वयंपाकघराला कुलूप राहील. कोणीही एकट्याने आत जाऊ नये.’

“म्हणजे मला तहान लागली की जोडीदार शोधायचा?” ट्रंपेटवाल्याने विचारलं. आता त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते.

“लग्न कर,” पेंटर म्हणाला. कोणी हसलं नाही.

“चालेल,” ट्रंपेटवाला म्हणाला. पहिला चालेल त्याचाच.

मग एकेक करून पुढे आलं. बसवाली चालेल म्हणाली आणि लगेच तोंड फिरवून बसली. मिस्त्रीची पाळी सगळ्यांत शेवटी होती. त्याने नको ठरवून आणला होता. का नको हेही ठरवलं होतं: मी चोवीस तास राखण करीन. हे खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं. धुमसणारा फडका त्यानेच विझवला होता. तरी खोटं बोलायची तयारी होती.

नर्सबाई तिच्याकडे वळल्या. त्यांनी मजकूर पुन्हा वाचला, सावकाश. “मावशी, तुमचं काय म्हणणं? स्वयंपाकघराला कुलूप लागेल. तुम्हाला सकाळी एकटीला जाता येणार नाही. चालेल की नको?”

तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यातल्या अर्ध्याअधिकांना वाटत होतं की तिने म्हणावं. एकदा म्हणावं, जोरात, आणि आपल्याला हे करायला लागू नये.

“चालेल ना,” ती म्हणाली. “लोकांना बरं वाटत असेल तर चालेल.” मग मिस्त्रीकडे झुकून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “बरोबर बोलले ना मी?”

“हा नाही मोजायचा,” पेंटर उठून उभा राहिला. “नर्सबाई, मी नाही मोजणार हा. काय विचारलंय ते तरी पोचलंय का त्यांना? मी लिहिणार नाही.”

नर्सबाईंनी मिस्त्रीकडे बघितलं. सगळ्यांनीच.

इकडे आड, तिकडे विहीर. तिला कळलेलं नाही असं एकदा तो बोलला की नियम अडला. सकाळ तिची राहिली. पण मग या खोलीत तिचा शब्द पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. आज कळलं नाही तर उद्या काय कळणार? खुर्ची राहील, खुर्चीवर बसलेलीला कोणी हिशेबात धरणार नाही.

“मोजायचा,” तो म्हणाला.

“मिस्त्री, अरे...” पेंटर म्हणाला.

“तिचा नको मोजलात ना इतकी वर्षं? मी दुपारची हातोडी खाली ठेवली त्यासाठी. मग चालेलपण मोजायचा. ती इथली आहे तोवर तिने बोललेलं मोजायचं.”

“आणि तुमचं, काका?” नर्सबाईंनी विचारलं.

ठरवून आणलेला शब्द तोंडात होता. तो काढला असता तर पुढच्या पातेल्याची जबाबदारी त्याची. पातेलं असो, की जेवणघरात वह्या उघडून बसलेली ती दोघं असोत.

“चालेल,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघून हसली. सगळं सुरळीत पार पडलं याचा तिला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी पेंटरने लिहिलं. अक्षरं नेहमीसारखीच सरळ आली, पण तो मध्ये मध्ये शिडीवरून उतरून बाहेर जाऊन येत होता. कडी-कोयंडा मिस्त्रीने बसवला. दुपार होती, ठोकायला बंदी. स्क्रू हाताने पिळावे लागले. लाकूड जुनं आणि टणक. तळहाताला फोड येईपर्यंत तो पिळत राहिला. दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नाही.

*

लोकांनी नियम पाळला, हे सांगायला हवं. बसवालीची कामाची पहिली पाळी लवकरची. ती चहासाठी पेंटरला उठवी. तो “मी काय तुझा कंडक्टर आहे का?” म्हणत डोळे चोळत खाली येई, आणि तिचा चहा होईपर्यंत ओट्याला टेकून उभ्याउभ्या पेंगे. एकाने विसरावं म्हणून इमारतीतल्या तिसांनी जोडीने चालायचं, असं ते होतं. कुरकुर झाली, पण खरवडायला कोणी पुढे आलं नाही.

ती रोज दाराशी यायची.

“हे कुलूप कोणी लावलं?”

“सगळ्यांनी मिळून.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं.”

“आणि मी काय म्हणाले?”

पहिल्या दिवशी त्याने खरं सांगितलं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा खरं सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

“खोटं बोलू नका. मी याला चालेल म्हणेन? बैठकीला मी नसेन. मी असते तर लावू दिलं असतं का?”

“नसतं दिलंस,” तो म्हणायचा. हेही खरंच होतं.

मग तो किल्ली आणून दार उघडी. दोघं असली की आत जाता येत होतं. पण तो आत आला की तिचं काम बिघडे. “तुम्ही कशाला इथे? कामावर जायचं नाही?” तो गॅस पेटवू लागला की ती त्याचा हात ढकली. “माझ्या हातातलं काढून घेऊ नका.” तो खिडकीकडे तोंड करून उभा राही, पण कान बटणाकडे. तिला ते कळे. कोणी राखण करतंय हे कळायला आठवण लागत नाही. कँटीनमध्ये मुकादम मागे उभा राहिला की व्हायची तशी तिची पाठ ताठ होई.

काही दिवसांनी तिने ढकलणं सोडलं. आत आली की स्टुलावर बसे आणि विचारी, “मी काय करू?” तिसांना कामाला लावलेली बाई. तो म्हणे, बटाटे सोल. ती सोलून संपले की पुन्हा विचारी. ती भांडत होती तोवर त्याला रोज वाटे की हे एकदाचं थांबावं. ते थांबलं, तेव्हा कुलूप लावल्याच्या दिवसापेक्षा जास्त तुटलं त्याच्यात काहीतरी. कोणाला सांगणार? ज्याला सांगायचं ते माणूस स्टुलावर बसलेलं.

आणि मग एक सकाळ अशी आली की ती जिना उतरली, दारावरून पुढे गेली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. तो किल्ली हातात घेऊन उभा.

“अगं, आत नाही यायचं?”

“आत कशाला?”

“चहा ठेवायला.”

“त्या बाई येतील ना आता,” ती म्हणाली. “त्यांना नाही आवडत कोणी आत गेलेलं.”

“कोण बाई?”

“अहो, त्या. सगळ्याला नको म्हणतात त्या.” तिने आवाज खाली आणला. “मनाने चांगल्या आहेत. पण सकाळच्या वेळी त्यांच्या वाटेला जाऊ नये.”

तो तिच्याशेजारी बसला.

मग बसवाली जिना उतरताना दिसली आणि तो उठला. एकट्याला आत जाता येत नव्हतं, आणि त्याचं दुसरं माणूस आजवर तीच होती.

“पोरी, दोन मिनिटं आहेत का? दुसरं माणूस हवंय.”

बसवालीने पायरीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पर्स भिंतीशी ठेवली. त्याने कुलूप काढलं. खिडकी उघडली. ओटा पुसला, कोपरे राहिले ते पुन्हा पुसले. सगळ्यांच्या चहाचं मोठं पातेलं नळाखाली धरलं.

“अर्धंच भरा, काका,” बसवाली म्हणाली. “जड होतं. मी उरलेलं तांब्याने टाकते.”

“ती भरून उचलायची,” तो म्हणाला, आणि त्याने नळ बंद केला नाही.

पातेलं काठोकाठ भरलं. त्याने दोन्ही कानांना धरून ते उचललं. नळापासून शेगडीपर्यंत चार पावलं असतील. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाच्या हातातलं पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं. एवढं वजन ती रोज एकटीने, कोणी उठायच्या आधी उचलत होती, आणि त्याने ते कधी उचलून बघितलं नव्हतं.

बसवालीने गॅस पेटवला.